आधी कुलूप शाळेलाच का?

कोविडचे निर्बंध सैल झाले आणि 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रात हॉटेलं रात्री दहापर्यंत उघडी राहू लागली, मॉलही सुरू झाले. त्याच महिन्याच्या 17 तारखेला उघडायच्या शाळा मात्र स्थगितीत अडकल्या. पहिली-दुसरीच्या मुलांना वर्ग दिसला तो मार्च 2020 नंतर थेट डिसेंबर 2021 मध्ये. आणि आपण पालक, गावकरी गप्प राहिलो!

भीती खोटी नव्हती. एकाच खोलीत नातू आणि मधुमेही आजी शेजारी झोपतात, तिथे शाळेतून येणारा संसर्ग जीवघेणाच. कोविड ड्युटीवर कितीतरी शिक्षक दगावले. पण या साऱ्यांच्या रक्षणाची किंमत एकट्या मुलांनी का मोजायची? अर्थतज्ज्ञ ज्यां द्रेझ आणि सहकाऱ्यांनी ऑगस्ट 2021 मध्ये गरीब वस्त्यांत पाहणी केली. खेड्यांतली जेमतेम 8 टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती, 37 टक्क्यांचा अभ्यास पूर्ण थांबला होता. तिसरीत असून दुसरीचा धडा वाचू शकणारी मुलं देशात 2018 मध्ये 27.3 टक्के होती. 2022 च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या अहवालात ती 20.5 टक्क्यांवर घसरली. शाळेतली गरम खिचडी गेली, हाती कोरडा शिधा आला.

जुलै 2021 मध्ये सरकारने कोविडमुक्त गावांना ग्रामपंचायतीच्या ठरावाने आठवी ते बारावीचे वर्ग उघडायची मुभा दिली होती. म्हणजे गाव ठरवू शकतं! मग पुढच्या साथीची वाट कशाला पाहायची?

उठा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. कायद्याने तिथे तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. वर्गात हवा खेळावी म्हणून खिळे ठोकून बंद केलेल्या खिडक्या उघडायला लावा. नळाला पाणी मागा. लस येईल तेव्हा शिक्षकांचा आणि घरच्या म्हाताऱ्यांचा नंबर आधी लावा. वर्गात कॅन्सरचे उपचार घेणारी मुलगी असेल, तर तिच्यासाठी सगळ्या वर्गाने मास्क लावावा; तिला यायला जमत नसेल, तर गुरुजींनी तिच्या दारी जावं. तापलेल्या लेकराला घरी ठेवणाऱ्या मजूर आईचा रोज बुडतो, त्याची सोय गावाने करावी.

आणि येत्या ग्रामसभेत ठराव मांडा : साथ आली तर आधी यात्रा, लग्नाच्या पंगती, प्रचारसभा थांबतील. शाळा सगळ्यांत शेवटी बंद होईल आणि सगळ्यांत आधी उघडेल. ठराव इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय जागचे हलू नका.