उसातली भुतं आणि घरातली माणसं



गेल्या तीन महिन्यांत आम्ही जिल्ह्यात चार ठिकाणी 'लपाछपी' हा चित्रपट दाखवला. दोन गावं घाटावरची, दोन घाटाखालची. कुठे समाजमंदिरात, कुठे शाळेच्या वर्गात, भिंतीला पांढरी चादर बांधून. हा विषय संपादकीयाचा होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या गावात जे घडलं आणि त्यानंतर आमच्या बैठकीत जी भांडणं झाली (हो, चर्चा नव्हे, भांडणंच), ती तुमच्यापुढे ठेवल्याशिवाय अंक छापायला देववेना.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विशाल फुरिया यांनी दिग्दर्शित केलेला हा मराठी भयपट जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. मोजकी पात्रं, एक घर, भोवती ऊस; एवढ्याच भांडवलावर तो उभा आहे. आठ महिन्यांची गरोदर नेहा (पूजा सावंत) नवऱ्याबरोबर शहर सोडून उसाच्या फडातल्या एका एकाकी घरात येते. घरातली तुळसाबाई (उषा नाईक) तिला मायेनं खाऊ-पिऊ घालते. मग उसातून मुलांचे आवाज येऊ लागतात. पुढचं सांगत नाही, मात्र भुतांच्या मागे 'मुलगी नको' म्हणून झालेल्या हत्या आहेत एवढं सांगायलाच हवं, कारण त्यासाठीच आम्ही तो निवडला. याच दिग्दर्शकानं तो २०२१ मध्ये 'छोरी' नावानं हिंदीत केला आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. कॉलेजच्या पोरींनी हिंदीवाला मोबाइलवर आधीच पाहिलेला होता. त्या शेजारणीला "आता बघ हं" म्हणून कोपर मारत होत्या.

प्रतिक्रिया म्हणाल तर आमच्या अपेक्षेप्रमाणे एकही आली नाही. भुताला बाया फारशा घाबरल्याच नाहीत. भूत दिसलं की हशा पिकायचा. घाटावरच्या गावात ऊसतोडीला जाऊन आलेल्या बायका होत्या. एक म्हणाली, "फडात भूत कशाचं, फडात मुकादम असतो." तुळसाबाई मात्र नेहाच्या पोटाकडे टक लावून पाहते तेव्हा खोली चिडीचूप झाली. नव्या सुना खाली मान घालून बसल्या. काहींच्या सासवा मागच्याच रांगेत होत्या. नंतर एका म्हातारीनं सरळ विचारलं, "सगळं पाप सासूच्याच माथी का? सासरा काय देवळात गेला होता?"

म्हातारीचा सवाल बिनतोड आहे. घरातली सत्ता ज्याची असते तो स्वतः हात मळवत नाही, तो ते काम म्हाताऱ्या बाईकडे सोपवतो. मुलगा होईपर्यंत तिलाही त्या घरात किंमत नव्हती. चित्रपट हे अगदीच विसरतो असं मी म्हणणार नाही, पण पडदा विझल्यावर लक्षात राहतो तो उषा नाईकांचा चेहरा. काम इतकं चांगलं झालं आहे की तेच अडचणीचं ठरतं.

आता दुसऱ्या गावाबद्दल. कार्यक्रम चांगला झाला, घोषणा झाल्या, आम्ही आकडे सांगितले. २००१ च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या, २०११ मध्ये ८५५ उरल्या. जिजाऊंच्या जिल्ह्याला हे शोभतं का, वगैरे नेहमीचं भाषण मीच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.ची वाट पाहत उभी होते तेव्हा बचत गटातली एक बाई शोधत आली. वय पस्तिशीच्या आत, म्हणजे माझ्याच बरोबरीची. म्हणाली, "ताई, रातभर झोप नाही आली. भूत खोटं हाये हे समजते मले. पण दोन खेपा मले नेलं होतं. सासू अन् मालक दोघं होते संगं. नाही म्हनाले पायजे होतं का म्या? त्या पोरी माह्यावर राग धरून असतील का?"

एस.टी. आली आणि मी ती जाऊ दिली, एवढंच त्या दिवशी माझ्याकडून बरोबर झालं. तिच्याजवळ बसले. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात समुपदेशनाचे तास झाले होते, त्यातलं काहीही आठवलं नाही. तिला सांगितलं ते कायद्यातलं. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा, अमलात आला १९९६ मध्ये. त्यात अशा बाईला नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं असंच न्यायालय गृहीत धरतं, आणि भाग पाडल्या गेलेल्या बाईला शिक्षा नाही. तिनं ते दोनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाली, हे काल रात्री का नाही सांगितलं?

खरंच, का नाही सांगितलं? आम्ही तीस वर्षं 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द भिंतींवर रंगवत आलो. हत्या म्हटलं की खुनी आलाच, आणि खुनी शोधायला गेलं की सापडते ती बाई, कारण गर्भ तिच्या पोटात होता. सोनोग्राफीवाला, पैसे मोजणारा नवरा, जमिनीला वारस मागणारं घराणं, हुंडा ठरवणारी बैठक, यांपैकी कुणाच्याही स्वप्नात भूत येत नाही. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भलिंगनिदानविरोधी मंच उभा राहिला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राला देशातला असा पहिला कायदा करायला लावला, तेव्हाच आपल्यातल्या जुन्या मैत्रिणी बजावत होत्या की लढा निवडीविरुद्ध आहे, गर्भपाताविरुद्ध नाही. १९७१ च्या कायद्यानं मिळालेला सुरक्षित गर्भपाताचा हक्क आपण गमावायचा नाही. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन काही परिस्थितींत मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत गेली. तरीही कायदेशीर गर्भपातासाठी गेलेल्या बाईकडे संशयानं पाहिलं जातं, हा आमच्या केंद्रावर येणाऱ्या बायकांचा अनुभव आहे. आमच्या पोस्टरवरच्या रक्तबंबाळ बाळाचाही त्या संशयात वाटा आहे. चित्रपटातल्या नकोशा मुलींची भुतं ही त्याच पोस्टरची पुढची आवृत्ती, फक्त जास्त कौशल्यानं काढलेली.

बैठकीत भांडण लागलं ते इथे. एक गट म्हणाला, दाखवणं बंद करा. त्यांचा दुसरा मुद्दा अंधश्रद्धेचा. ज्या जिल्ह्यात सैलानीच्या यात्रेला 'बाहेरचं' झालेल्या माणसांना दुरून दुरून आणतात, त्यात मनानं आजारी असलेल्या किती बायका असतात, तिथे कार्यकर्त्यांनीच भूत दाखवत फिरायचं? मग २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं शिबिर कोणत्या तोंडानं घ्यायचं?

दुसऱ्या गटात मी होते. बायकांच्या ओठांवर जे येत नाही ते भुताच्या तोंडून बोललं जातं, हे काही चित्रपटवाल्यांनी शोधून काढलेलं नाही. आपल्याकडच्या हडळ, जखीण, अळवंतीण घ्या. कुणी बाळंतपणात गेलेली, कुणी पोटुशी असताना. पुरुषांची भुतं आहेतच, मुंजा आहे, समंध आहे; पण बाळंतपणात मेलेल्या बाईला मेल्यावरही घराची सुटका नाही की घराला तिची. तिला कुणी मारलं, दवाखान्यात का नेलं नाही, हे विचारायची सोय नव्हती म्हणून तिचं भूत झालं. त्या बाईनं एस.टी. स्टँडवर जे विचारलं ते आमच्या दहा पथनाट्यांनंतर कुणी विचारलेलं नाही.

वादात एका मैत्रिणीनं ताराबाई शिंदे काढल्या आणि आम्ही सगळ्याच गप्प झालो. ताराबाई आपल्या बुलडाण्याच्या. १८८२ चं 'स्त्री-पुरुष तुलना' आपण भाषणात वापरतो, पण ते लिहायला निमित्त काय झालं हे सांगायचं राहून जातं. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेनं लोकलाजेस्तव आपलं नवजात मूल मारलं. तिला १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, पुढे ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रं बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेऊ लागली, आणि बुलडाण्यातल्या या बाईनं उलट विचारलं की तिला त्या जागी आणून उभं करणारे कुठे आहेत? मेलेलं मूल समोर असताना हा प्रश्न विचारणं सोपं नव्हतं. आजही नाही.

शेवटी मधला मार्ग निघाला, तो अर्धवट आहे हे मान्य. तिसऱ्या आणि चौथ्या ठिकाणी आधी अर्धा तास बोललो: गर्भपात गुन्हा नाही, जबरदस्ती गुन्हा आहे. 'भ्रूणहत्या' शब्द आमच्या फलकांवरून काढला. 'गर्भलिंगनिवड' जिभेवर बसत नाही, बायका 'पोरगी पाहून पाडणं' म्हणतात, तेच आता लिहितो. चित्रपट संपल्यावर एकदम दिवे लावत नाही आणि घोषणा देत नाही. दोघी कार्यकर्त्या रात्री गावातच मुक्काम करतात.

चौथ्या गावात त्या म्हातारीचा सवाल ध्यानात ठेवून पुरुषांनाही बोलावलं. पंधरा-सोळाजण आले, मागे भिंतीला टेकून बसले, भुताच्या प्रसंगांना शिट्ट्याही मारल्या. चर्चेला बसू म्हटल्यावर एकेक करून उठले, कुणाला मोटर चालू करायची होती, कुणाची म्हैस राहिली होती. त्यांच्यासाठी ठेवलेला चहा बायकांनी प्यायला. दोन जण थांबले. त्यातल्या एकानं दाराशी उभं राहून विचारलं, की डॉक्टरनं स्वतःहून सांगितलं तर ऐकणारा पण दोषी असतो का. तो कुणासाठी विचारत होता ते आम्ही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात त्याच गावात, फक्त पुरुषांसाठी, पुन्हा जायचं ठरलं आहे. असा प्रयोग कुणी केला असेल, चित्रपट कोणताही असो, तर काय फसलं तेवढं अगदी पोस्टकार्डावर का होईना, जरूर कळवा.