आकड्याला चिठ्ठी हवी
रविवारी भाची वही घेऊन आली. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिनं चिपच्या तंत्रज्ञानाचा प्रवास ऑनलाइन धुंडाळला होता, आणि मूरचा नियम वहीत तीनदा उतरला होता: चिपवरचे घटक एके ठिकाणी दर वर्षी दुप्पट, दुसरीकडे दीड वर्षानं, तिसरीकडे दोन वर्षांनी. “मामा, यातलं खरं कुठलं?” चहा निवला, पण आम्ही मुळापर्यंत गेलोच. गॉर्डन मूर यांनी एप्रिल १९६५ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकात दर वर्षी म्हटलं होतं. १९७५ मध्ये त्यांनीच ते दोन वर्षांवर आणलं. दीड वर्ष हे इंटेल कंपनीतल्या डेव्हिड हाउस यांचं, तेही घटकांच्या संख्येबद्दल नव्हे, चिपच्या कामगिरीबद्दल. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे. कोण, कधी, कशाबद्दल बोललं, तेवढंच वाटेत गळालेलं. तंत्रज्ञानाबद्दलचं बिनतारखेचं टिपण वहीत ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे. आमची आई लोणच्याच्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी डकवायची: कैरी कुठली, घातलं कधी. दोन वर्षांचं मुरलेलं आणि कालचं करकरीत, पानात कधी गल्लत झाली नाही. भाचीला हे एकदम पटलं. तिनं लाल पेन काढलं आणि समासात पहिली चिठ्ठी लिहिली: मूर, एप्रिल १९६५, दर वर्षी.