इंजिन बांधायचं की बदलायचं?
आमची पेट्रोल गाडी अडीच लाख किलोमीटर चालली आणि निळा धूर ओकू लागली. "दुसरं जुनं इंजिन टाका, दोन दिवसांत गाडी देतो," एका गॅरेजवाल्यानं सांगितलं. अब्बांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, म्हणून मनात आलं, घ्यावं उरकून.

पण आमच्या जुन्या मिस्त्रींनी आधी कॉम्प्रेशन मोजलं. एका सिलिंडरमध्ये ते कमी निघालं. तिथं थोडं ऑईल सोडून पुन्हा मोजलं, तर आकडा वाढला. "सर, दोष रिंगांचा दिसतो. वाढला नसता, तर व्हॉल्व्ह पाहिले असते." इंजिन खोललं. ब्लॉक, क्रँक शाबूत होते. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग एवढ्यावर काम भागलं.

ब्लॉकलाच तडा असेल, तर इंजिन बदलणं बरं. मात्र पक्कं बिल घ्या आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवा. नाहीतर पुढं विम्याच्या वेळी अडचण. खर्चाआधी आरसीची मुदतही पाहा. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांचीच असते.

काम संपेपर्यंत 12 दिवस अब्बांना रिक्षानं नेलं. ते एकदाही कुरकुरले नाहीत. उलट म्हणाले, "दुखणं कळल्याशिवाय इलाज करू नये, बेटा."