तारेवरचा नीलपंख

सिंदी मेघे आता वर्धा शहराला इतकी चिकटली आहे, की गाव कुठं संपतं आणि ले-आऊट कुठं सुरू होतो, ते सांगता येत नाही. तरी एखाद्या रिकाम्या प्लॉटशेजारच्या विजेच्या तारेवर नीलपंख दिसतो. बसलेला असताना मातकट, अगदीच साधा. नाकतोड्यावर झेप घेतली की पंखांतली निळाई अशी उघडते, की माणूस गाडी थांबवतो. २०१८ मध्ये वर्धेकरांनी चक्क निवडणूक घेऊन त्याला 'शहरपक्षी' केलं, ते उगाच नव्हे. (एवढ्या निर्मळ निवडणुका आपल्याकडं विरळाच!)

पण आपला हा निवडून आलेला पक्षी कमी होतो आहे. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात शास्त्रज्ञांनी ९४२ जातींचा आढावा घेतला. त्यात नीलपंखाची घट सुमारे ३० टक्के भरली. त्याचा धोक्याचा दर्जा नव्यानं तपासावा, अशी शिफारस झाली. या निष्कर्षामागं सुमारे तीस हजार हौशी निरीक्षकांच्या नोंदी आहेत. दुर्बीण, वही, तारीख, वेळ. काम म्हटलं तर एवढंच.

वाघ मोजायला बोर प्रकल्पात कॅमेरे आहेत. पराटीच्या धुऱ्यावरचा पक्षी मोजणार कोण? किडे खाणारा हा पक्षी आणि आपली फवारणी एकाच शेतात असतात. या अंकात म्हणूनच जंगलापेक्षा शेताबद्दल जास्त लिहिलं आहे.