अमेरिकन फुटबॉल जगाला कोणी दिला?

१/ १३ नोव्हेंबर २०२२, म्युनिक. टाम्पा बे आणि सिएटल यांच्यातला एनएफएलचा सामना संपत आला होता आणि सुमारे सत्तर हजारांचा समुदाय एका सुरात जॉन डेन्व्हरचे 'कंट्री रोड्स' गात होता. अशा दृश्यावरून दोन निष्कर्ष हमखास काढले जातात. एनएफएलचे चाहते म्हणतात, लीगने खेळ जगभर पोहोचवला. टीकाकार म्हणतात, युरोपने अमेरिकेच्या सांस्कृतिक वर्चस्वापुढे नांगी टाकली. दोघेही इतिहास न चाळता बोलतात.

२/ वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन मतांचे गृहीतक एकच आहे: परदेशी प्रेक्षक म्हणजे ओल्या मातीचा गोळा, अमेरिकेने हवा तो आकार द्यावा आणि त्याने तो निमूट घ्यावा. मग सत्तेपासूनच सुरुवात करावी. फिलिपिन्सवर १८९८ पासून १९४६ पर्यंत, मधली जपानी ताब्याची वर्षे वगळता, अमेरिकेचा अंमल होता. शाळा अमेरिकन, लष्करी तळ अमेरिकन. तिथे बास्केटबॉल गल्लोगल्ली पोहोचला. अमेरिकन फुटबॉल मात्र नाही. सत्तेच्या जोरावर खेळ रुजत असते, तर अमेरिकेबाहेरची या खेळाची राजधानी मनिला असती.

३/ बरे, पैशाने रुजतो म्हणावे, तर उदाहरण घरचेच आहे. २०११ साली 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया'ची घोषणा झाली. गुंतवणूकदारांत कर्ट वॉर्नर, माईक डिट्का यांच्यासारखी या खेळातली बडी नावे आणि अभिनेता मार्क वॉलबर्ग. संघांत 'पुणे मराठाज' आणि 'मुंबई ग्लॅडिएटर्स'. आज पुण्यातल्या किती क्रीडाप्रेमींना आपल्या शहराच्या या संघाचे नाव आठवते? नाव मात्र झोकदार होते!

४/ आता मेक्सिको. १८४८ च्या तहाने निम्म्याच्या आसपास भूभाग अमेरिकेला गमावलेला हा देश. शेजाऱ्याच्या खेळाकडे पाठ फिरवायला याच्याइतके सबळ कारण कोणाकडे असणार? तरीही १९२० च्या दशकापासून मेक्सिको सिटीच्या विद्यापीठीय तरुणांनी हा खेळ आपलासा केला. १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय पॉलिटेक्निक संस्था उभी राहिली; कामगार-शेतकऱ्यांच्या मुलांना तंत्रशिक्षण मिळावे, हा तिचा एक प्रमुख हेतू. समोर जुने, प्रतिष्ठित राष्ट्रीय विद्यापीठ. या दोन संस्थांमधली सामाजिक चुरस ज्या मैदानावर सर्वाधिक त्वेषाने लढली गेली, ते अमेरिकन फुटबॉलचे. खेळ अमेरिकेचा, पण वैर अस्सल मेक्सिकन.

५/ मेक्सिकोचा 'पुमास' हा सॉकर क्लब जगाला ठाऊक आहे. त्याचे नाव मुळात सॉकरचे नाहीच. विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक रॉबेर्तो मेंदेस यांनी १९४० च्या दशकात आपल्या खेळाडूंना प्यूमाची उपमा दिली आणि ती पुढे साऱ्या विद्यापीठालाच चिकटली. जगातल्या सर्वांत लोकप्रिय खेळाच्या क्लबला नाव मिळाले ते या 'उपऱ्या' खेळाकडून.

६/ आणि एनएफएल? अमेरिकेबाहेर नियमित हंगामातला पहिला सामना तिने खेळवला तो २ ऑक्टोबर २००५ रोजी, मेक्सिको सिटीच्या अझ्तेका मैदानावर. उपस्थिती १,०३,४६७. ही गर्दी लीगने घडवली नव्हती. ती तिला आयती मिळाली.

७/ ब्रिटनची कथा निराळी आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये सुरू झालेल्या 'चॅनल ४' या वाहिनीने वेगळे काही दाखवायचे म्हणून रविवारी संध्याकाळी या खेळाची क्षणचित्रे दाखवायला घेतली. मग आला मे १९८५: ब्रॅडफर्डच्या मैदानातील आगीत ५६ बळी, हेझेल दुर्घटनेत ३९. त्याच वर्षी लीग आणि वाहिन्या यांच्यातील वादामुळे हंगामाच्या पूर्वार्धात इंग्लिश लीगचे फुटबॉल दूरचित्रवाणीवरून नाहीसेच झाले. घरचा खेळ रक्ताळलेला आणि अदृश्य असताना लोकांनी दुसरा पाहिला. ऑगस्ट १९८६ मध्ये शिकागो आणि डॅलस यांच्या निव्वळ सराव सामन्याला वेम्बलीत ८२ हजारांहून अधिक लोक लोटले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग आली, घरचा खेळ सावरला, तशी ही ओढही ओसरली. अमेरिकेत बसून कोणी आखलेली योजना अशी दिसत नाही.

८/ 'पण त्या खेळात पाहण्यासारखे आहे काय? तीन तासांत प्रत्यक्ष खेळ जेमतेम अकरा मिनिटे!' अकरा मिनिटांचा हिशेब खरा आहे. २०१० मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने तो मांडला होता. चुकतो तो निष्कर्ष. १८८१ मध्ये येल आणि प्रिन्स्टन यांनी अर्धा-अर्धा सामना चेंडू नुसता धरून ठेवला, निकाल ०-०. या कंटाळ्यावरचा उपाय म्हणून वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने पुढच्याच वर्षी नियम झाला: तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू सोडा. (आज चार प्रयत्न, दहा यार्ड.) त्या क्षणापासून प्रत्येक प्रयत्न हा स्वतंत्र डाव झाला, आणि दोन डावांमधली उसंत ही प्रेक्षकाची विचार करण्याची जागा. कबड्डीतली प्रत्येक चढाई निरखणाऱ्याला, दोन चेंडूंच्या मधे क्षेत्ररचना वाचणाऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये. परदेशी प्रेक्षक गुंततो तो नेमका या उसंतीत.

९/ शेवटी जर्मनी. १९४५ नंतर अमेरिकन सैनिक तिथे आले आणि आपापसांत हा खेळ खेळत राहिले. सैन्यामुळे खेळ रुजला, हा युक्तिवाद इथे सर्वांत बळकट वाटतो. पण मग तीस वर्षे जर्मनांनी क्लब का काढला नाही? पहिला क्लब, 'फ्रँकफुर्टर लोवेन', निघाला १९७७ मध्ये. १९७९ मध्ये जर्मनांची स्वतःची लीग होती. एनएफएलच्या पाठबळाची 'वर्ल्ड लीग' युरोपात उतरली ती १९९१ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी.

१०/ त्या लीगचे पुढे काय झाले, हे 'एनएफएलने खेळ दिला' म्हणणाऱ्यांनी जरूर वाचावे. २००७ पर्यंत तिच्या सहा संघांपैकी पाच जर्मन उरले होते. २३ जून २००७ रोजी फ्रँकफुर्टमध्ये अंतिम सामना झाला: हॅम्बुर्ग सी डेव्हिल्स ३७, फ्रँकफुर्ट गॅलेक्सी २८. प्रेक्षक सुमारे ४८ हजार. सहाच दिवसांनी एनएफएलने तोट्याचे कारण पुढे करून लीग गुंडाळली.

११/ जर्मन क्लब खेळत राहिले. २०२१ मध्ये 'युरोपियन लीग ऑफ फुटबॉल' नावाची नवी लीग उभी राहिली. जुन्या संघांची नावे तिने एनएफएलकडून परवानगीने घेतली. खेळाडूंत मोठा भरणा स्थानिकांचा. म्युनिकच्या त्या गाजलेल्या सामन्याच्या वर्षभराहून अधिक काळ आधी, २६ सप्टेंबर २०२१ रोजी, तिचा पहिला अंतिम सामना ड्युसेलडॉर्फमध्ये झाला: फ्रँकफुर्ट गॅलेक्सी ३२, हॅम्बुर्ग सी डेव्हिल्स ३०.