सरकारी वकिली ते बंधुसंघाची धुरा



अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ही पाटी एखाद्या हॉलवर नक्की वाचली असेल. कॅथलिक पुरुषांची ही संघटना फादर मायकेल मॅकगिव्हनी यांनी १८८२ साली कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे स्थापन केली. स्थलांतरित आयरिश कुटुंबातला कमावता माणूस गेला की बायकामुले उघड्यावर पडत. सभासदांच्या वर्गणीतून त्यांना आधार द्यायचा, एवढाच साधा हेतू. त्यातूनच पुढे मोठी विमा संस्था उभी राहिली. आज जगभरात सुमारे २० लाख सभासद आहेत.

अशा संस्थेची धुरा ऑक्टोबर २००० मध्ये कार्ल अँडरसन यांच्याकडे आली. शिक्षणाने वकील, रेगन यांच्या काळात व्हाइट हाउसमध्ये काम, नंतर नागरी हक्क आयोगाचे सदस्य. वीस वर्षांहून अधिक काळ ते ‘सुप्रीम नाइट’ होते. मार्च २०२१ मध्ये आलेले पॅट्रिक केली हेही नौदलाच्या विधी विभागातले निवृत्त अधिकारी.

सरकारी कामाच्या अनुभवाने संस्थेला काय दिले? २०१६ चे उदाहरण घ्या. इराक-सीरियातील ख्रिस्ती लोकांवरील अत्याचारांचा जवळजवळ तीनशे पानी अहवाल संस्थेने परराष्ट्र खात्याला दिला. त्याच मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी यझिदी, ख्रिस्ती आणि शिया यांच्यावरील ‘आयसिस’चे अत्याचार हा वंशसंहार असल्याचे जाहीर केले. नुसत्या निषेधाच्या ठरावापेक्षा पुराव्यांची व्यवस्थित मांडणी अधिक वजनदार ठरते, हे यातून दिसते.

पण वॉशिंग्टनची सवय महागही पडते. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाविरुद्धच्या ‘प्रपोझिशन ८’ साठी संस्थेने दहा लाख डॉलर्सहून अधिक रक्कम दिली. या प्रश्नावर खुद्द कॅथलिक समाजातच दुमत होते. विधवांच्या आधारासाठी जन्मलेली संस्था राजकारणात किती उतरावी, हा प्रश्न तेव्हापासून अधिकच टोकदार झाला.

आम्हाला यात आपल्यासाठीही एक धडा दिसतो. आपल्यातले कुणी अचानक गेले की ई-मेल फिरतात, घाईघाईने वर्गणी जमते. भावना खरी, पण व्यवस्था नाही. कायदा आणि सरकारी कामकाज जाणणारी माणसे आपल्या मंडळातही आहेत. त्यांना केवळ गणेशोत्सवाच्या हॉलचा करार तपासायला न बोलावता कायमस्वरूपी साहाय्य निधीची घटना लिहायला बसवले पाहिजे. राजकारण मात्र ज्याने त्याने आपापल्या घरी करावे!

आपल्याला काय वाटते? जरूर कळवा.