टोपी-पटक्याची निगा

भगिनींनो, चादर, लुगडे, घोंगडी कशी जपायची हे सोलापूरकडच्या बायकांना सांगावे लागत नाही. पण घरधन्याची टोपी आणि मामंजींचा पटका? ते आपले खिळ्यावर. खिळा गंजतो, कापडावर तांबूस डाग पडतो आणि टोपी बाजारच्या दिवसाची राहत नाही, रानातली होते. तेव्हा आधी खिळा काढून लाकडी खुंटी ठोका. डाग पडलाच असेल तर पांढऱ्या सुती कापडावर लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवा, मग स्वच्छ धुवा.

टोपी फाटते ती कपाळाच्या पट्टीवर. घामाचे मीठ अन् डोक्याचे तेल तिथेच मुरते. पट्टी पिवळी पडेपर्यंत थांबू नका. रात्री साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, सकाळी हातानेच चोळा. धोक्याने बडवले की शिवण उसवते. पांढरेपणासाठी ब्लीचिंग पावडर वापरू नये, सूत कुजते. निळीचे चार थेंब पुरतात. ओलसर असतानाच घडी ताणून सारखी करावी. टेरिकॉटची टोपी असेल तर इस्त्री बेताचीच गरम हवी.

कांजी रोजच्या टोपीला खुशाल करा. मात्र पेटीत ठेवायच्या कापडाला मुळीच नको. कांजीच्या वासाने कसर आणि झुरळे येतात, तीच कापड कुरतडतात.

ज्वारीच्या काढणी-मळणीत पटक्यात कूस भरते. तो तसाच गुंडाळून ठेवला तर दुसऱ्या दिवशी मान खाजून बेजार. झटका, उन्हात टाका, मगच घडी घाला.

लग्नातला जरीचा फेटा घरी धुऊ नये. सावलीत वारा द्यावा, जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळावा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर जर घडीवरच तुटते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. कडुनिंबाचा पाला खडखडीत वाळलेला असावा. डांबराची गोळी फडक्यात बांधून, जरीला न लागेल अशी ठेवा आणि पेटीला कुलूप लावा. लेकरे ती गोळी पेपरमिंट समजून तोंडात घालतात, ते विष आहे.

आहेरात येणाऱ्या टोप्यांचे काय करावे, असे पुष्कळजणी विचारतात. एका लग्नसराईत डझनभर जमतात, पण बहुतेक इतक्या पातळ की दोन धुण्यांत चिंधी होते. माझे मत विचाराल तर देणाऱ्याने चार कमी द्याव्यात, पण जाड सुताच्या द्याव्यात. याच सोलापुरात मे १९३० मध्ये लष्करी कायदा लागला, तेव्हा पांढरी टोपी घालून रस्त्यावर निघायलाही छाती लागत होती. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी इथले चौघे येरवड्यात फासावर गेले. तुमच्या पेटीच्या तळाशी आजोबांची त्या काळातली खादीची टोपी असेल, तर तिला निळही नको, इस्त्रीही नको. साध्या पाण्यातून काढा, सावलीत सपाट वाळवा आणि घडी न मोडता मऊ फडक्यात ठेवा. कोणाची ती, हे कागदावर लिहून तो कागद फडक्याबाहेर बांधा. शाई कापडाला लागते.